कस, वाफसा आणि बेवड : पुनरुज्जीवक शेतीची मूलतत्त्वे आणि मराठी शेतीभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

शेतीविषयक मराठी लेखनात गेल्या काही वर्षांत एक नवी संज्ञा वावरू लागली आहे. कोणी तिला 'पुनरुत्पादक शेती' म्हणतात, कोणी 'पुनर्निर्माणक्षम शेती', तर कोणी 'पुनरुज्जीवक शेती'. यांपैकी पहिली संज्ञा बरीच वापरात असली तरी ती समर्पक नाही. पुनरुत्पादन म्हणजे एका जीवापासून तशाच दुसऱ्या जीवाची उत्पत्ती. येथे अभिप्रेत असलेली गोष्ट निराळी आहे. सतत पिके घेऊन खंगलेल्या जमिनीला तिचा जिवंतपणा परत मिळवून देणारी शेती, असा हा अर्थ असल्याने प्रस्तुत लेखात 'पुनरुज्जीवक' हेच विशेषण योजले आहे.

तथापि संज्ञेची निवड हा दुय्यम प्रश्न होय. मुख्य प्रश्न असा की, ही शेती शिकू पाहणाऱ्याने आरंभ कोठून करावा? प्रचलित पाठांत पाच तत्त्वे सांगितली जातात. जमिनीची उलथापालथ कमीत कमी करावी. ती उघडी ठेवू नये. एकाच पिकाऐवजी विविध पिके घ्यावीत. वर्षाचा अधिकांत अधिक काळ जमिनीत जिवंत मुळे असावीत. आणि गुरेमेंढरे शेतीशी जोडलेली असावीत. ही तत्त्वे चूक नाहीत. परंतु ती सर्व क्रियांच्या रूपात सांगितलेली आहेत, आणि ही शेती ओळखावयाची असते ती क्रियांवरून नव्हे. सेंद्रिय शेतीची व्याख्या मुख्यतः काय वापरू नये यावरून होते. रासायनिक शेतीची शिफारस काय व किती वापरावे यावरून होते. पुनरुज्जीवक शेतीची कसोटी मात्र एकच आहे : जमीन पूर्वी होती त्यापेक्षा आज चांगल्या स्थितीत आहे की नाही? म्हणून जमिनीच्या स्थितीला नेमकी नावे असल्यावाचून ही शेती शिकताही येत नाही आणि शिकवताही येत नाही.

अशी नावे मराठीत आहेत. 'कस', 'वाफसा', 'बेवड' ही नामे आणि 'मुरणे', 'धुपणे' यांसारखी क्रियापदे शेतकऱ्याच्या नित्याच्या बोलण्यातली आहेत. त्यांचा अर्थ आजच्या मृदाशास्त्राशी ताडून पाहणे, आणि जेथे शेतीभाषेतील शब्दच दिशाभूल करतात तेथे तसे नोंदवणे, एवढाच या विवेचनाचा उद्देश आहे. हा प्रश्न केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर, दौंड, पुरंदर, बारामती, इंदापूर हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याने अर्धवट समजलेले तत्त्व अमलात आणले तर त्याची किंमत तो एका हंगामाने मोजतो.

२. संज्ञेचा प्रवास

या संज्ञेचे इंग्रजी मूळ अमेरिकेतील रॉबर्ट रोडेल यांनी १९८०च्या दशकात प्रचारात आणले. त्यांचे वडील जे. आय. रोडेल यांना प्रेरणा मिळाली ती अल्बर्ट हॉवर्ड यांच्या लेखनापासून. आणि हॉवर्ड यांचे निर्णायक प्रयोग झाले ते होळकरांच्या इंदुरात. १९२४ साली तेथे स्थापन झालेल्या संस्थेत त्यांनी शेतातील काडीकचरा, शेण आणि गोठ्यातील मूत्रमिश्रित माती यांपासून खत कुजवण्याची पद्धत सिद्ध केली. जगभर ती 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली गेली. या प्रयोगांची मांडणी करणाऱ्या १९३१च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे.

यावरून 'हे सर्व आपल्याकडे होतेच' असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. शेण आणि पालापाचोळा कुजवणे येथील शेतकऱ्याला ठाऊक होते. परंतु थर किती जाडीचे असावेत, ओलावा किती राखावा, ढीग केव्हा परतावा, याची मोजणी व क्रम हे त्या प्रयोगांचे देणे होते. लोकज्ञान आणि मोजमाप यांची अशी सांगड पडली तेव्हाच ते ज्ञान गावाबाहेर जाऊ शकले. पुढील शब्दांचा विचारही याच दृष्टीने करावयाचा आहे.

३. कस

मराठीत 'जमीन कसणे' आणि 'जमिनीचा कस' असे दोन प्रयोग शेजारी शेजारी वावरतात. पहिला मशागतीचा वाचक आहे, दुसरा सुपीकतेचा. दोन्हींची व्युत्पत्ती काहीही असो, बोलणाऱ्याच्या मनात ध्वनिसाम्यामुळे त्यांचे नाते जुळते, आणि अधिक कसले म्हणजे कस वाढतो असा समज सहज रूढ होतो. वस्तुस्थिती बऱ्याच अंशी उलट आहे. नांगराने माती उलटली की आत दडलेल्या सेंद्रिय द्रव्याला हवा लागते आणि सूक्ष्मजीव ते झपाट्याने खाऊन टाकतात. त्यातून नत्र मोकळे होते, पीक जोमदार दिसते आणि शेतकऱ्याची खात्री पटते. परंतु ही कमाई नव्हे, गंगाजळीतून काढलेली रक्कम होय. 'कसदार' जमीन 'निकस' होते ती बहुधा याच मार्गाने.

आजचे मृदाशास्त्र कस मोजताना जे आकडे पाहते त्यांत सेंद्रिय कर्बाचा आकडा प्रमुख आहे. माती परीक्षणाच्या प्रचलित वर्गवारीत ०.५ टक्क्याहून कमी कर्ब म्हणजे कमी, ०.५ ते ०.७५ टक्के म्हणजे मध्यम, आणि त्याहून अधिक म्हणजे भरपूर असे धरतात. हे अपूर्णांक क्षुल्लक वाटतात. पण त्यांचे वजन पाहावे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील माती सुमारे २,००० टन भरते. म्हणजे कर्ब ०.४ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर न्यावयाचा तर त्या थरात २ टन कर्बाची निव्वळ भर पडली पाहिजे. दख्खनच्या उष्ण हवेत घातलेल्या सेंद्रिय द्रव्यातील बहुतांश कर्ब थोड्याच काळात वायुरूपाने उडून जातो आणि अल्प भाग मातीत टिकतो. तेव्हा ही २ टनांची भर एका पावसाळ्याचे काम नसून वर्षानुवर्षांचे काम आहे.

येथे भाषा आणि कायदा यांची गाठ पडते. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेत 'कसणे' म्हणजे स्वतः वहिवाट करणे. १९४८च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने मुंबई राज्यात त्या अर्थाला कायद्याचे बळ मिळाले. पण जी जमीन तोंडी करारावर, वर्षाच्या खंडाने वा बटाईने कसली जाते, तेथे कसणाऱ्याने कस का वाढवावा? त्याने घातलेले शेणखत पुढील वर्षी दुसऱ्याच्या पदरात पडणार. याउलट उदाहरण पुरंदर तालुक्यातील नायगावचे आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे देवस्थानची पडीक जमीन कराराने घेतली आणि उतारावर बांधबंदिस्ती करून पाणी मुरवण्याचे काम केले. त्यातूनच पुढे पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. जमीन आपल्या हाती काही वर्षे राहणार याची शाश्वती ही पुनरुज्जीवक शेतीची पाच तत्त्वांत न लिहिलेली, पण त्या सर्वांच्या आधीची अट होय.

४. वाफसा

पावसानंतर वा पाणी दिल्यानंतर काही काळाने जमीन अशा अवस्थेत येते की तिच्यात ओल पुरेशी असते, पण ती चिकटत नाही. औत सहज चालते आणि पेरलेले बी नीट उगवते. या अवस्थेला 'वाफसा' म्हणतात. मुठीत माती दाबली असता गोळा व्हावा आणि तो खाली टाकला असता फुटावा, ही त्याची घरगुती परीक्षा. शास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मातीतील मोठ्या पोकळ्यांतले पाणी निचरून तेथे हवा शिरलेली असते आणि लहान पोकळ्यांत पाणी टिकून असते. मुळांना व सूक्ष्मजीवांना श्वास आणि ओल दोन्ही एकाच वेळी मिळतात.

या शब्दाचे व्याकरण उद्बोधक आहे. 'नांगरणे', 'कुळवणे', 'कोळपणे' ही क्रियापदे नांगर, कुळव, कोळपे या अवजारांच्या नावांपासून बनलेली आहेत. त्यांना कर्ता शेतकरी असतो. वाफसा मात्र कोणी करत नाही. तो 'येतो', आणि शेतकरी त्याची वाट पाहतो. 'मुरणे' पासून 'मुरवणे' आणि 'जिरणे' पासून 'जिरवणे' अशी प्रयोजक रूपे होतात. वाफसा या नामाला तसे क्रियापद भाषेने दिलेले नाही. जमिनीच्या काही अवस्था केवळ ओळखावयाच्या असतात, लादावयाच्या नसतात, हा बोध या शब्दप्रयोगातच साठवलेला आहे.

काळ्या जमिनीत हा बोध विशेष मोलाचा ठरतो. बेसाल्टपासून बनलेली ही चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यात वाफशाचा अवधी थोडा असतो. त्यापूर्वी औत घातले तर ढेकळे निघतात आणि खालचा थर दाबला जातो. उशीर केला तर ओल उडालेली असते. घरचे बैल असताना शेतकरी वाफशावर औत जुंपू शकत असे. भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी ज्या दिवशी येईल तो दिवस वाफशाचा असतोच असे नाही, आणि यंत्राचे वजन ओल्या मातीवर अधिक घातक ठरते. येथे यंत्राला दोष देण्याचे प्रयोजन नाही. मात्र वेळेचा निर्णय जमिनीच्या स्थितीकडून यंत्राच्या उपलब्धतेकडे सरकला, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. उलटपक्षी, सेंद्रिय द्रव्य वाढून माती रवाळ झाली की जादा पाणी लवकर निचरते, वाफसा लवकर येतो आणि अधिक काळ टिकतो. जमीन सुधारत असल्याचे हे लक्षण प्रयोगशाळेविना पाहता येते.

या शब्दाचा अलीकडचा प्रवासही लक्षणीय आहे. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी आपल्या नैसर्गिक शेतीच्या मांडणीत बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा असे चार आधार सांगितले. आंध्र प्रदेशाने ती पद्धत शासकीय कार्यक्रमात घेतल्यावर हा मराठी शब्द तेलुगू आणि इंग्रजी लेखनातही शिरला. मात्र या प्रवासात त्याचा अर्थ पालटला. शेतकऱ्याच्या बोलीत वाफसा ही येणारी व जाणारी अवस्था आहे. नव्या मांडणीत मातीच्या पोकळ्यांत निम्मी हवा आणि निम्मी पाण्याची वाफ असणे, अशी ती एक सिद्धांतवजा व्याख्या झाली. मुळांना हवा लागते हे त्यातील तथ्य खरे आहे. परंतु पिकाची गरज प्रवाही पाण्याऐवजी मुख्यतः वाफेवर भागते, हे मृदाशास्त्राला मान्य नाही. मुळे मातीच्या कणांना धरून असलेले पाणीच शोषतात. शब्द दूरवर गेला म्हणजे त्याचा अर्थही अबाधित पोचतो असे नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

५. मुरणे आणि धुपणे

हवामानबदलाचा विषय निघाला की पाऊस कमी झाल्याची तक्रार प्रथम ऐकू येते. परंतु एकूण पावसापेक्षा त्याची वाटणी अधिक महत्त्वाची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. म्हणजे तेच पाणी थोड्या दिवसांत, अधिक जोराने येऊ लागले. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. दुपारच्या एका सरीत ६० मिलिमीटर पाऊस पडला तर हेक्टरी ६ लाख लिटर पाणी जमिनीच्या दाराशी उभे राहते. ते आत शिरते की माती घेऊन निघून जाते, यावर पुढील चार महिन्यांचे पीक अवलंबून असते.

या बाबतीत मराठी क्रियापदे सूक्ष्म भेद करतात. पाणी 'वाहते' ते शेताला सोडून जाते; 'मुरते' ते आत जाऊन राहते; 'पाझरते' ते खालच्या बाजूला पुन्हा प्रकटते; माती मात्र 'धुपते'. या प्रक्रियेची अत्यंत स्पष्ट जाण पुण्यात १८८३ साली सिद्ध झालेल्या जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात आढळते. डोंगरावरील गवत, पाने, फुले आणि मेलेले जीवजंतू यांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून ओढ्यांत जाते. ते जाऊ नये म्हणून सरकारने लष्कर व पोलीस यांतील शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पाणी प्रथम शेतांत मुरेल आणि मग नदीनाल्यांस मिळेल, अशी त्यांची सूचना होती. येथे पाण्याचा आणि खताचा विचार एकत्र केलेला आहे. पुढे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेत पाणी राहिले, पण ते सत्त्व मात्र विस्मृतीत गेले.

बांध पाण्याला शेताच्या कडेला थोपवतो. आच्छादन त्याला जेथे पडले तेथेच आत घेते. उघड्या मातीवर थेंब आदळले की तिचे कण फुटतात, पोकळ्या बुजतात आणि वर पातळ कवच बनते. त्यावर आलेला पुढचा पाऊस वाहूनच जातो. पाचट, काड वा पालापाचोळा थेंबाचा मार स्वतः सोसतो. मात्र येथे एका अतिशयोक्तीपासून सावध राहिले पाहिजे. कर्ब किंचित वाढला की जमीन स्पंजासारखी प्रचंड पाणी धरते, असे वारंवार सांगितले जाते. मिनासनी आणि मॅकब्रॅटनी यांनी २०१८ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा कर्ब पूर्ण १ टक्क्याने वाढूनही पिकाला उपलब्ध होणारे पाणी १०० मिलिमीटर मातीमागे सरासरी १ मिलिमीटरहून थोडेसेच अधिक वाढते असे दिसले. सेंद्रिय द्रव्याचा मोठा लाभ साठवणीत नसून पाण्याला आत येऊ देण्यात आहे, असे यावरून म्हणता येते. तो साठवणे आणि मुरणे यांच्यातील भेद आहे.

६. बेवड, धसकट आणि मेंढ्या

'फेरपालट' हा शब्द पिके बदलण्याच्या क्रियेचा वाचक आहे. 'बेवड' हा शब्द आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेल्या गुणाचा वाचक आहे. हरभऱ्याचा बेवड चांगला असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो मागील पिकाचे मूल्यमापन पुढील पिकाच्या दृष्टीने करत असतो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. निरनिराळ्या पिकांची मुळे निरनिराळ्या खोलीवर जातात. एका पिकाची कीड वा रोग पुष्कळदा दुसऱ्यावर उपजीविका करू शकत नाही. या सर्वांचे गाठोडे 'बेवड' या एका शब्दात बांधलेले आहे. प्रत्येक पिकाचा हिशेब केवळ त्या हंगामाच्या उत्पन्नावर मांडणाऱ्या जमाखर्चात या रकान्याला जागाच नसते.

विविधता आणि जिवंत मुळे ही दोन तत्त्वे समजण्यास हा शब्द पुरेसा आहे. तथापि त्याचा उपयोग ठिकाण पाहूनच करावा लागतो. हलक्या जमिनीत बाजरी व तूर यांचे आंतरपीक सोयीचे पडते. बाजरी लवकर निघते आणि तुरीची खोल मुळे पुढे कित्येक आठवडे जिवंत राहतात. खोल काळ्या जमिनीत मात्र खरिपात रान पड ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी घेण्याची रीत आहे. मोहोळ येथील निवडीतून आलेला मालदांडी ३५-१ हा वाण याच रीतीचा. येथे पावसाळाभर रान उघडे राहून धुपते, हे खरे. म्हणून पाऊस वेळेवर आला तर आधी मूग वा उडीद घ्यावा असे सुचवले जाते. पण तो पाऊस पुढे ओढ देऊन गेला तर मुगाने प्यालेले पाणी ज्वारीला कमी पडते. तत्त्व एकच असले तरी त्याची किंमत दोन जमिनींत सारखी नसते.

यापुढचा प्रश्न आच्छादनासाठी द्रव्य आणावे कोठून, हा आहे. ज्वारीचा कडबा गुरांसाठी लागतो, शेणाच्या गोवऱ्या चुलीसाठी लागत आल्या आहेत, आणि कापणीनंतर उरलेली 'धसकटे' वेचून रान स्वच्छ करणे ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानली जाते. कोल्हापूर भागातील प्रयोगशील शेतकरी व लेखक प्रताप चिपळूणकर यांनी 'नांगरणीशिवाय शेती'चा पुरस्कार करताना नेमके याच सवयीवर बोट ठेवले. जमिनीवरचा भाग इतर कामासाठी न्यावा लागला तरी मुळे आणि खोडाचा बुडखा जागीच कुजू द्यावा. तो बाहेरून आणावा लागत नाही, पसरावा लागत नाही, आणि कुजताना पाण्याला व हवेला वाटा मोकळ्या करून देतो. धसकट हा कचऱ्याचा शब्द आहे. तो खताचा शब्द होणे, हे अर्थांतर केवळ कोशातले राहणार नाही.

पशुधनाच्या तत्त्वाला 'मेंढ्या बसवणे' ही जुनी रीत उत्तर देते. धनगरांचे कळप दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरतात आणि वाटेतील शेतांत रात्री बसवले जातात. लेंडी व मूत्र जागच्या जागी पडते, आणि मोबदला धान्याच्या वा रोख रकमेच्या रूपात मेंढपाळाला मिळतो. चराऊ राने आणि कळपांच्या वाटा आटत गेल्या तर शेतकऱ्याला हे खत अन्य मार्गाने विकत घ्यावे लागते.

७. शब्द जेथे चकवतात

शेतकऱ्याची भाषा हे प्रमाण मानले तरी ते अंतिम प्रमाण नव्हे. 'राब' हा शब्द पाहावा. मावळ, मुळशी, भोर आणि कोकण या भागांत भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळण्याच्या रीतीला हे नाव आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर यांच्यासमवेत १९१२ साली या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. आगीने तणाचे बी मरते आणि रोपे जोमाने वाढतात, म्हणून रीत टिकली. परंतु जो पाला मातीत कुजावयाचा तो त्यासाठी जळतो आणि डोंगरावरची झाडे बोडकी होतात. एका लहानशा वाफ्याचे पोषण पुष्कळ मोठ्या क्षेत्राच्या जिवावर होते.

'नांगरट' या शब्दाला असलेली प्रतिष्ठा हे दुसरे उदाहरण; पण येथे उलट बाजूची घाईही तितकीच धोक्याची आहे. पिटेलको व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली जगभरातील ६१० अभ्यासांचे फलित एकत्र मांडले. नांगरणी सोडल्याने उत्पादन सरासरीने घटले. मात्र कोरड्या हवामानातील पावसावरच्या शेतीत नांगरणी सोडणे, पिकांचे अवशेष राखणे आणि फेरपालट या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तेथे ते सुमारे ७ टक्के वाढले. तेव्हा पाच तत्त्वांपैकी एक उचलून बाकीची सोडणाऱ्याच्या वाट्याला तोटा येण्याचा संभव अधिक. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रातही चिखलणी व लावणी वगळून कायम गादीवाफ्यांवर टोकणी करतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीत राखतात. त्यात तणनाशकाचा आधार घेतला जातो, म्हणून सेंद्रिय शेतीचा पुरस्कर्ता ते तंत्र नाकारील. जमिनीच्या स्थितीवरून न्याय करणारा त्याचा विचार करील. या दोन दृष्टींतील फरक विद्यार्थ्याने स्पष्ट ठेवला पाहिजे.

'कोळपणी'चा विचार याच्या पुढचा. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे ज्वारी पिकवणारा शेतकरी म्हणतो. रब्बी ज्वारीत तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करण्याची शिफारस आहे, कारण भेगा बुजतात आणि खालची ओल उडणे थांबते. विदर्भात हेच काम 'डवरणी' या नावाने होते. ही जमिनीची हालचालच आहे; मग ती टाळावी काय? भुसभुशीत मातीचा वरचा थर हेही एक आच्छादनच असते. जेथे काडीकचऱ्याचे आच्छादन मिळत नाही, तेथे उथळ कोळपणी सोडणे म्हणजे तत्त्वाच्या शब्दासाठी त्याचा हेतू गमावणे होय.

८. मांजरीचा धडा

या सर्व विचाराला पुण्याच्या परिसरातच एक पूर्वपीठिका आहे. १९२३ साली मांजरी येथे व्ही. ए. ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीच्या पद्धतशीर संशोधनास आरंभ केला. पुढे एन. व्ही. कानिटकर यांनी ते चालवले, आणि १९३३ साली सोलापूर येथे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. त्यातून निघालेल्या 'मुंबई कोरडवाहू पद्धती'त बांधबंदिस्ती, काही वर्षांच्या अंतराने नांगरट, वारंवार कुळवणी, शेणखत, कमी बियाणे, ओळींत अधिक अंतर आणि कोळपण्या यांचा समावेश होता. यातील पाणी मुरवण्याचा व ओल राखण्याचा भाग आजही तितकाच ग्राह्य आहे.

तरीही ती पद्धत सर्वत्र रुजली नाही. मूळ उत्पन्नच इतके थोडे होते की त्यात पडलेली भर शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरण्याजोगी नव्हती. बांधाचा आणि शेणखताचा खर्च आज करावयाचा आणि फळ मात्र सावकाश यावयाचे. पद्धतीचे एकेक अंग सुटे उचलले गेले आणि समग्रता हरवली. पुनरुज्जीवक शेतीच्या आजच्या प्रचारकांपुढे हाच धोका आहे. पाच तत्त्वांची यादी पाठ झाली, पण ज्या जमिनीवर ती लावावयाची तिची अवस्था ओळखता आली नाही, तर नव्वद वर्षांपूर्वीचा अनुभव नव्या नावाने पुन्हा येईल.

९. समारोप

वरील विवेचनातून अभ्यासक्रमाविषयी एक साधी सूचना निघते. पहिला पाठ कृतीचा नसून निरीक्षणाचा असावा. विद्यार्थ्याने एक शेत निवडावे आणि सलग काही वर्षे पाच गोष्टींची नोंद ठेवावी. मोठ्या पावसानंतर वाफसा किती दिवसांनी आला आणि किती दिवस टिकला? पाणी कोठे तुंबले, कोठे मुरले आणि बांधाशी किती माती साचली? आधीच्या पिकाचा बेवड पुढील पिकात कसा दिसला? गेल्या वर्षीचे धसकट आज उकरले असता कोणत्या अवस्थेत सापडते? आणि दर दोन-तीन वर्षांनी केलेल्या परीक्षणात सेंद्रिय कर्बाचा आकडा कोणत्या दिशेने सरकला? पहिल्या चार प्रश्नांना प्रयोगशाळा लागत नाही. शब्द मात्र लागतात.

भाषाभ्यासकाचे काम येथेच सुरू होते. कुळव आणि वखर, पाभर आणि तिफण, कोळपणी आणि डवरणी अशी प्रदेशभिन्न नावे कोशांतून काही प्रमाणात नोंदली गेली आहेत. जमिनीच्या अवस्थांची नावे मात्र त्या अवस्था पाहणाऱ्यांबरोबर राहतात. औताचे काम यंत्राकडे गेले, शेत खंडाने दिले गेले आणि पुढची पिढी शहरात आली, की वाफशाची मूठ उघडून पाहणारे हात कमी होतात. मग शब्द कोशात उरतो आणि अर्थ मातीत. ही नावे ज्यांच्या तोंडी अजून आहेत त्यांच्याकडून, गावोगावच्या भेदांसह, त्यांची व्याप्ती टिपून घेणे आणि ती मोजमापाशी जोडणे हे मृदाशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे. जमिनीचा कस परत आणावयाचा तर तो गेला कधी हे सांगणारी भाषा आधी जिवंत असावी लागते.